दारूच्या परवान्यावरून माणसे मोजू नयेत

समलिंगी समाजाचा इतिहास मराठीत सांगायची एक रीत आता ठरून गेली आहे. जून महिना आला की पुरवण्यांमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इनची गोष्ट येते. २८ जून १९६९ची पहाट, पोलिसांची धाड, गिऱ्हाइकांनी केलेला प्रतिकार आणि तिथून उभी राहिलेली चळवळ. मग लेखक सॅन फ्रान्सिस्को, लंडन असे करत मुंबईत उतरतो, कुलाब्यातल्या एका पबचे नाव घेतो आणि थांबतो. कल्याणच्या पुढे ही गोष्ट कधी सरकत नाही. वाचणाऱ्याच्या मनात यातून एक सिद्धान्त पक्का होतो: समलिंगी माणसांचा समाज बारमध्ये घडला. जिथे असा बार निघाला तिथे समाज झाला, आणि जिथे निघाला नाही तिथे एखादा चुकार माणूस असेल, समाज नसणार.

कल्याणच्या पुढच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हाच सिद्धान्त वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘हे मुंबईचं खूळ आहे, आपल्याकडे असलं काही नाही.’ शहरातला अभ्यासक आणि पारावर बसलेला गावकरी यांचे एरवी कशावरही एकमत होणार नाही, पण इथे दोघांचे गृहीतक एकच आहे. हे गृहीतक खोटे आहे. शिवाय त्याचा उपद्रव पुस्तकापुरता राहत नाही. किन्हवलीच्या किंवा धसईच्या एखाद्या मुलाला त्यातून असा निरोप मिळतो की तू इथला नाहीस, तुझ्यासारखे कोणी इथे नव्हते, आणि तुला जगायचे असेल तर गाव सोडायला हवे. म्हणून हे खंडन नीट, मुद्द्यांना धरून करणे भाग आहे.

पूर्वपक्षाला त्याचे पुरते बळ द्यायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लॅक कॅट’ या बारचा परवाना समलिंगी गिऱ्हाइके जमतात म्हणून निलंबित झाला, तेव्हा मालक सोल स्टाउमन न्यायालयात गेला. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी माणसे एका जागी जमतात एवढ्यावरून परवाना काढून घेता येणार नाही. एकत्र बसण्याचा हक्क अमेरिकेतल्या समलिंगी माणसांना आधी एका दारूच्या दुकानाच्या खटल्यातून मिळाला, ही गोष्ट लहान नाही. त्याच ब्लॅक कॅटमध्ये रविवारी दुपारी ऑपेराची विडंबने गाणारा होजे सारिया १९६१ साली शहराच्या निवडणुकीला उघडपणे उभा राहिला आणि त्याला साडेपाच हजारांवर मते पडली. पुढच्याच वर्षी तिथल्या बारमालकांनी ‘टॅव्हर्न गिल्ड’ ही संघटना काढली. धाडीत पकडलेल्यांचे जामीन आणि वकील यांची सोय तिने पाहिली.

याला तात्त्विक बैठक दिली ती इतिहासकार जॉन डिमिलिओ यांनी. १९८३च्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी मांडले की शेतीवर आणि घरच्या धंद्यावर जगणारे कुटुंब मोडून माणूस एकट्याने मजुरी कमवू लागला, तेव्हा कुठे त्याला कुटुंबाबाहेर आयुष्य रचता आले. मजुरी, शहर, भाड्याची खोली आणि बार अशी ती साखळी आहे. पूर्वपक्षात याहून भक्कम असे काही माझ्या वाचनात नाही, आणि माझे उत्तर शेवटी याच मांडणीला द्यायचे आहे.

पण आधी बार या संस्थेची जन्मपत्रिका तपासू. ज्याला आपण आज गे बार म्हणतो तो शहराच्या मोकळेपणातून उगवला, असे सर्रास समजले जाते. जॉर्ज चॉन्सी यांचे ‘गे न्यूयॉर्क’ हे १९९४चे पुस्तक वाचल्यावर हा समज टिकत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधले असे पुरुष स्वस्त खाणावळींत, स्नानगृहांत, वायएमसीएच्या वसतिगृहांत, बागांत, हार्लेमच्या नाचांच्या जलशांत दिसत, आणि पुष्कळदा इतर गिऱ्हाइकांत मिसळून दिसत. त्यांच्यासाठी वेगळा बार ही सर्वसाधारण गोष्ट नव्हती. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठली आणि न्यूयॉर्क राज्याने दारूच्या परवान्यांसाठी नवे प्राधिकरण नेमले. समलिंगी माणूस आत दिसला की ती जागा ‘बेशिस्त’ ठरवून तिचा परवाना काढता येईल, असा कारभार सुरू झाला. सरळमार्गी मालकांनी अशा गिऱ्हाइकांना दार दाखवले. त्यांना आत घ्यायला उरले ते पोलिसांना हप्ता देऊ शकणारे, म्हणजे माफियावाले. इतरांनी हाकलले म्हणून वेगळा बार जन्माला आला. तो अबकारी खात्याचे अपत्य होता.

२१ एप्रिल १९६६ रोजी समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मॅटाशीन सोसायटीचे काही कार्यकर्ते न्यूयॉर्कच्या ‘ज्युलियस’ बारमध्ये गेले आणि आपण समलिंगी आहोत असे सांगून त्यांनी दारू मागितली. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. बारवाल्याने समोर ठेवलेल्या ग्लासवर आपला पंजा आडवा धरला आहे. परवाना जाण्याची धास्ती त्या एका हातात दिसते. तीन वर्षांनंतरच्या स्टोनवॉल इनकडे तर दारूचा परवानाच नव्हता. माफियाच्या मालकीची ती जागा खाजगी ‘बॉटल क्लब’ म्हणून चाले आणि काउंटरमागे ग्लास विसळायला नळाचे पाणीही नव्हते. अशा जागेत माणसे जमली कारण दुसरी कुठलीच जागा कायद्याने शिल्लक ठेवली नव्हती. त्या रात्रीच्या धैर्याला याने कमीपणा येत नाही. पण नाइलाजाने पत्करलेली जागा हीच समाजाची खूण मानायची, तर इतिहास आपण पोलिसांच्या नजरेने लिहितो आहोत हेही मान्य करावे लागेल.

याहून जुना दाखला हवा तर लंडनचा आहे. १७२६च्या फेब्रुवारीत मार्गारेट क्लॅप या बाईच्या घरावर रविवारी रात्री धाड पडली, जवळपास चाळीस जण पकडले गेले आणि त्यांतल्या तिघांना पुढे फाशी झाली. गे बारच्या इतिहासाचा आरंभ पुष्कळ जण इथून करतात. खटल्यातल्या साक्षींवरून मात्र ते राहते घर होते असे दिसते. दारू ती बाई शेजारच्या गुत्त्यातून आणून देई. म्हणजे बारच्या इतिहासातला आद्य बारसुद्धा एका बाईची घरगुती बैठकच निघतो.

आणि बारमध्ये कोण नव्हते हेही पाहायला हवे. १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आठ स्त्रियांनी ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही संघटना काढली. बारमध्ये धाडीची भीती, म्हणून आपसांत जमून निर्धास्त नाचता-बोलता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. अमेरिकेतली समलिंगी स्त्रियांची ही पहिली संघटना बारच्या बाहेर, घरच्या दिवाणखान्यात जन्मली. पुढे सत्तरच्या दशकात अनेक शहरांतल्या बारच्या दारात काळ्या गिऱ्हाइकांकडून दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागत, आणि गोऱ्यांना तसेच आत सोडत. ज्यांना दारात अडवले त्यांचाही समाज होता आणि तो एकमेकांच्या घरी जमत होता. बारवरून समाज मोजणाऱ्याच्या मोजमापातून तो त्याच देशात, त्याच शहरात निसटतो. मग शहापूरची काय कथा?

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर बार घडला. मुंबई राज्यात नेमक्या त्याच काळात दारूबंदी आली. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर दारू बंद झाली. साठच्या दशकात बंधने सैल झाली, तरी कायदा कायम राहिला. पिण्यासाठी आजही कागदोपत्री परवाना लागतो, आणि गावोगावच्या पाट्यांवरचे ‘परमिट रूम’ हे नाव त्याच कायद्याची देणगी आहे. स्टोनवॉलच्या आधीची वीस वर्षे, म्हणजे अमेरिकेत बारभोवती जे घडले म्हणतात तो सगळा काळ, मराठी मुलखात बार ही संस्था एक तर बेकायदा किंवा परवान्याला बांधलेली होती. शिवाय समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ कलम डोक्यावर होते, आणि सार्वजनिक जागी पोलिसांच्या हाताशी असभ्य वर्तनाविषयीचे मुंबई पोलीस कायद्याचे ११० कलम होते. अशा मुलखात बार झाला नाही म्हणून समाज झाला नाही असे म्हणणे म्हणजे कारण एकीकडचे आणि कार्य दुसरीकडचे घेऊन सूत्र बांधणे आहे.

मुंबईत झाले ते असे. कुलाब्यात आर्थर बंदर रस्त्यावर ‘व्हूडू’ नावाचा पब होता. आधी तिथे ‘स्लिप डिस्क’ हा डिस्को असे, जिथे १९७२ साली लेड झेपलिनच्या रॉबर्ट प्लँट आणि जिमी पेज यांनी वाजवल्याची आठवण जुने कुलाबकर सांगतात. नव्वदच्या दशकात व्हूडूची शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची झाली. फक्त शनिवारची, आणि जागा दुसऱ्याची. ‘गे बॉम्बे’ या १९९८ साली ईमेल यादी म्हणून सुरू झालेल्या गटाने पुढे पार्ट्या भरवल्या, त्याही भाड्याने घेतलेल्या जागांत. परमेश शहाणी यांनी २००८च्या ‘गे बॉम्बे’ या पुस्तकात हे जग आतून लिहिले आहे. कायमस्वरूपी गे बार असा मुंबईतही रुजला नाही. ३७७ कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांपैकी केशव सुरी यांच्या ललित हॉटेलातला ‘किटी सू’ हा क्लब आज उघडपणे सर्वांचे स्वागत करतो, पण तो अंधेरीतल्या पंचतारांकित हॉटेलात आहे.

शहापूरच्या माणसाला यांतले काय घेता आले असते? आसनगाव हे शहापूरचे स्टेशन. मुंबईपासून अंतर पंच्याऐंशी किलोमीटरच्या घरात, प्रवास दोन तासांवर. शेवटची कसारा लोकल मध्यरात्रीच्या आसपास सुटते, आणि शनिवारची पार्टी रंगायला लागते ती त्याच सुमाराला. ती गाडी चुकली की पहाटेपर्यंत फलाटावर बसणे आले. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. कल्याणला उतरून एसटी किंवा काळी-पिवळी, आणि रात्री तीही नाही. कल्याणच्या पुढे गे बारचा इतिहास सरकत नाही याचे एक अगदी साधे कारण वेळापत्रकात आहे.

इथे मी डिमिलिओंच्या मांडणीकडे परत येतो. मजुरी आली की माणूस कुटुंबापासून सुटा होतो, असे ते सांगतात. शहापूर-मुरबाडमध्ये मजुरी आलेली आहे. वाशिंदचा पोलादाचा कारखाना, मुरबाडची एमआयडीसी, भिवंडी-पडघ्याची गोदामे, मुंबई-ठाण्यातल्या नोकऱ्या. दोन पिढ्या पगारावर जगताहेत. पण इथला पगारदार मुलगा रात्री घरीच येतो. पगार आईच्या हातात किंवा घराच्या कर्जात जातो. लग्न ठरवणे, भावकी, घरकुल, भात लावणीला लागणारे हात हे सगळे त्याला घराशी धरून ठेवते, आणि त्यात सक्तीइतकीच मायाही असते. बारला दोन गोष्टी लागतात: स्वतःचा पैसा आणि स्वतःची रात्र. या तालुक्यांतल्या माणसाकडे पहिली गोष्ट थोडीफार आली, दुसरी आली नाही. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कारकुनाकडे ती रात्र होती. फरक एवढाच आहे, आणि सगळा फरक याच्यातूनच निघतो. रात्र नसलेल्या माणसांचा समाज दिवसाच्या फटींमध्ये जमतो: येण्या-जाण्यात, बाजाराच्या दिवशी, सुटीच्या दुपारी, कागदावर.

बार तर शहापुरातही आहेत, मग तिथे का नाही जमत, असे कोणी विचारील. मुरबाडच्या किंवा शहापूरच्या नाक्यावरचा कोणताही परमिट रूम बघा. काळ्या काचेचे दार, आत लांबट हॉल, सनमायकाची टेबले, चखन्याच्या बशा, भिंतीवर क्रिकेट लावलेला टीव्ही, एका अंगाला पार्टिशन घातलेल्या ‘फॅमिली’ केबिन. वेटर गिऱ्हाइकाला गावावरून ओळखतो: हे डोळखांबचे, ते सरळगावचे. बाहेर मोटारसायकली उभ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर मागे आडनाव किंवा कुलदैवताचे नाव रंगवलेले असते. रात्री दहाला कोण कोणाबरोबर बसला होता हे सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्यांना ठाऊक असते. परक्या शहरात बारचे दार माणसाला लपवते. तालुक्याच्या गावात तेच दार त्याला गावापुढे उभे करते. त्यात या पट्ट्यातल्या आगरी आणि कुणबी घरांत माळकरी पुष्कळ, त्यांना परमिट रूमची पायरी वर्ज्य. बाईने तिथे एकटीने जायचा तर प्रश्नच नाही. उलट दारूने संसार धुळीला मिळालेल्या बायका महाराष्ट्रात गावोगाव मतदान करून बाटली आडवी करत आल्या आहेत. त्यांच्यापुढे जाऊन बार हे मुक्तीचे स्थान म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, आणि सांगायची गरजही नाही.

मग जमण्याच्या जागा कोणत्या? एक लोकल. कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ साली सुरू झाला, आणि वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांचे सार्वजनिक आयुष्य तेव्हापासून गाडीतच घडत आले. रोजच्या गाडीतली भजनी मंडळे, पत्त्यांचे डाव, दसऱ्याला डब्याची पूजा, बायकांच्या डब्यातले हळदीकुंकू, निवृत्त होणाऱ्याचा चालत्या गाडीत सत्कार. डबा ही या मार्गावरची चावडीच आहे. समलिंगी पुरुषांनीही मुंबईच्या लोकलमध्ये ठरावीक डबा, ठरावीक वेळ अशी आपली खूण ठेवली होती, हे त्यांच्यातल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. पुणे विद्यापीठात शिकवलेले आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही २००३ची कादंबरी चर्चगेट स्टेशनातून सुरू होते. तिच्यातली इंग्रजी बोलणारा उच्चवर्णीय पत्रकार आणि दलित तरुण यांची भेट मुंबईच्या कुठल्या महागड्या पबमध्ये होणे अवघडच होते. स्टेशनात ती झाली. मात्र गाडीच्या गर्दीतला प्रत्येक स्पर्श संमतीचा नसतो, आणि स्टेशनांच्या आसपास पोलिसांनी आणि भामट्यांनी लुबाडलेले लोक कमी नाहीत. त्या जागेचे गोडवे मी गाणार नाही. ती होती, आणि तिथे माणसे एकमेकांना ओळखू लागली, एवढे नोंदवणे पुरे.

दुसरी जागा मला याहून मोलाची वाटते, आणि मराठी वाचकाने तिचा अभिमान बाळगावा असे वाटते. ती म्हणजे छापील पान. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत जवळजवळ एकहाती चालवले. वाचक त्यांना पत्रे लिहून लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता छापील उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समसंभोग यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लिखाण अश्लील ठरत नाही, लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती, आणि लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखला त्यांनी दिला. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. सन लक्षात घ्या. ब्लॅक कॅटचा निकाल याच्यानंतर सतरा वर्षांनी लागला. एकत्र बसण्याचा हक्क कॅलिफोर्नियात दारूच्या परवान्यावरून भांडला गेला, तर मुंबईत त्याच्याही आधी प्रश्न विचारण्याचा हक्क एका मासिकावरून भांडला गेला. विचारणाऱ्याला रात्र लागत नव्हती, शहर लागत नव्हते. पोस्टाचे तिकीट आणि वाचता येणे एवढेच लागत होते. ज्या मुलखात पोस्ट पोहोचत होते तिथपर्यंत हा इतिहास पोहोचतो. त्याला कल्याणची वेस नाही.

हीच परंपरा पुढे चालली. अशोक रावकवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचे नियतकालिक काढले, आणि लहान गावांतल्या माणसांनी त्याला पत्रे लिहिली. त्याच प्रयत्नांतून १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला आणि त्याचे केंद्र सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत चालले. स्त्रियांनी १९९५ साली मुंबईत ‘स्त्री संगम’ सुरू केले, पुढे त्याचेच ‘लेबिया’ झाले. चाळीस वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने सॅन फ्रान्सिस्कोच्या बायकांसारखाच मार्ग त्यांनी घेतला: घरी जमणे, आपले नियतकालिक काढणे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ अशी पुस्तके मराठीत लिहिली. मुरबाडच्या मुलाच्या आईला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या त्या पुस्तकांनी जे काम केले ते कुठल्याही बारला जमले नसते.

गावाची बाजू घेताना एक उलट टोकाचा मोह होतो, त्याचाही समाचार घ्यायला हवा. आपल्या परंपरेत सगळे पूर्वीपासून मान्यच होते, इंग्रजांनी बिघडवले, असे अलीकडे प्रेमाने सांगितले जाते. दाखल्याला शहापूर-मोखाड्याकडचा बोहाडा हा सोंगांचा उत्सव येतो, ज्यात जगदंबेचे सोंगही पुरुषच घेतो. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात भरणारी म्हशाची यात्रा येते, तिथले तमाशाचे फड आणि त्यांतला नाच्या येतो. हा युक्तिवाद मला पटत नाही. जगदंबेचा मुखवटा चढवणारा माणूस देवीचे सोंग घेतो, त्याच्या मनातल्या ओढीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बोहाडा संपला की मुखवटा उतरतो आणि तो प्रपंचात परततो. नाच्याला फडावर टाळ्या मिळाल्या आणि फडाबाहेर हेटाळणी मिळाली. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. ३७७ कलम इंग्रजांनी आणले हे खरे, पण मुलाच्या लग्नासाठी डोक्यात राख घालून घेणारा बाप इंग्रजांनी पाठवलेला नाही. यात्रेचे मोल इतकेच की खांबलिंगेश्वराच्या माळावर, बैलबाजाराच्या आणि घोंगड्यांच्या दुकानांच्या गर्दीत, गावातल्या माणसाला दोन-चार दिवस अनोळखी होता येते. शहर जे रोज देते ते यात्रा वर्षातून एकदा देते.

राहता राहिला आजचा आक्षेप: आता फोनवर ॲप आहेत, बारही नको आणि पत्रही नको. ॲप माणसांना अंतराने लावून दाखवते. कुलाब्यात उघडले तर पडदाभर चेहरे शेजारच्या गल्लीतले निघतील. मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्यात उघडले तर पहिलाच चेहरा पंचवीस किलोमीटरवरचा असू शकतो, आणि तो खोटाही असू शकतो. भेटायला बोलावून लुबाडणे, फोटोंवरून धमकावणे, घरी सांगीन म्हणून पैसे उकळणे हे प्रकार सर्वत्र होताहेत. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, तरी अशा मुलाला पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा पैसे देणे सोपे वाटते, कारण त्याची भीती कायद्याची नाही, घराची आहे. ॲप दोघांची गाठ घालून देते. समाज व्हायला तिसरा लागतो: चार पावसाळे जास्त पाहिलेला, ‘त्या माणसापासून जपून राहा’ असे सांगणारा, आईबापांशी बोलायला बरोबर येणारा.

बारने जे खरे दिले ते हेच होते. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, वडीलधारे माणूस, धाडीची आगाऊ बातमी, वकिलासाठी जमवलेला पैसा, आणि ऐंशीच्या दशकात एड्सची माहिती. दारू हा त्यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग. शहापूर-मुरबाडला गे बार नाही याची हळहळ मला वाटत नाही. वाईट याचे वाटते की बारची ही कामे करणारी दुसरी जागाही आपण होऊ दिलेली नाही, आणि ‘इथे तसे कोणी नाही’ या वाक्यामागे लपून ती जबाबदारी टाळतो आहोत.

अशी जागा करायला नवी इमारत लागत नाही. मुंबईत महापालिकेच्या इमारतीत हे तीस वर्षांपूर्वी झाले. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, सरकारी अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालये आहेत, महाविद्यालये आहेत. ग्रंथालयांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की समाजस्वास्थ्याविषयीची, कर्व्यांची आणि खिऱ्यांची पुस्तके मागवा आणि कुलपात न ठेवता मांडणीत ठेवा. डॉक्टर आणि समुपदेशकांना विनंती आहे की रविवारची एक खोली ठेवा, दुपारची, म्हणजे धसई आणि डोळखांबच्या माणसाला उजेडात घरी परतता येईल. आणि शिक्षकांना एवढेच सांगणे आहे: वर्गात कोणी विचारले तर ‘आपल्याकडे असले काही नाही’ हे उत्तर देऊ नका. ते खरे नाही.